टिपणीसांचा रावस

नॉटिंगहॅम हे शहर इंग्लंडच्या इतके मध्यावर आहे की कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र लांबच पडतो. ज्ञानेश्वर टिपणीस यांनी या शहरात अडतीस वर्षे काढली ती एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. नळीवर लिहिलेले नाव आणि नळीतले रक्त एकाच माणसाचे आहे ना, याची खात्री करणे हे त्यांचे काम होते आणि त्यात त्यांच्या हातून एकदाही चूक झाल्याची नोंद नाही. याच अडतीस वर्षांत गावातल्या मराठी मंडळींमध्ये ते मासे पकडणारा माणूस म्हणून ओळखले जाऊ लागले. या लौकिकामागे मासा एकच होता. तो रावस होता, आणि तो त्यांनी पकडलेला नव्हता.

घडले होते ते असे. वयाच्या बाराव्या वर्षी, मे महिन्याच्या सुट्टीत, रेवदंड्याच्या किनाऱ्यावर वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, एक हातभर रावस विकत घेतला आणि पिशवी ज्ञानेश्वरच्या हाती दिली. वाटेत शेजारच्या काकांनी पिशवीबाहेर आलेले शेपूट पाहून थट्टेने विचारले, "काय रे, तू पकडलास?" ज्ञानेश्वरने मान हलवली. काका हसले, पुढे गेले आणि विसरले. ज्ञानेश्वर विसरला नाही. वीस वर्षांनी नॉटिंगहॅममधल्या एका स्नेहभोजनात प्रत्येकाने आपली ओळख करून द्यायची होती. टिपणीसांना स्वतःविषयी सांगण्यासारखे दुसरे काही आठवेना, तेव्हा त्यांनी तो रावस सांगितला. सांगताना त्याचे वजन थोडे वाढले, आणि गळ, खडक व भरतीची वेळ हे तपशील आपोआप आले.

एवढ्यावर थांबले असते तर ही बढाई इतर बढायांसारखी विरून गेली असती. पण त्यांची मुलगी कस्तुरी सहा वर्षांची असताना पाण्याला घाबरू लागली. दर शनिवारी तरणतलावाच्या काठावर ती थिजून उभी राही, आणि टिपणीस, ज्यांना स्वतःला पोहता येत नव्हते, बाकावर कोट घालून बसत व तिला रावस सांगत. समुद्र कसा ओढतो, आपण पाय कसे रोवायचे, भीती वाटली की गळ सोडायचा नाही, अधिक घट्ट धरायचा. एका शनिवारी ती गोष्टीच्या मध्यावर पाण्यात उतरली. कस्तुरी आता सदतीस वर्षांची आहे, फिजिओथेरपिस्ट आहे, आणि दर रविवारी थंड पाण्याच्या तळ्यात पोहते. हे सारे रावसामुळे, असे ती आपल्या लग्नात दीडशे माणसांसमोर म्हणाली. टिपणीसांनी त्या वेळी टाळ्या वाजवल्या आणि नंतर दोन दिवस त्यांना जेवण गेले नाही.

या रावसावर विश्वास नसलेला पृथ्वीवर एकच माणूस होता. अवधूत चौबळ हे टिपणीसांचे शाळेपासूनचे मित्र, लीड्सच्या कौन्सिलमध्ये तीस वर्षे बांधकामाचे परवाने देऊन, आणि बहुतांशी नाकारून, निवृत्त झालेले. रावसाची गोष्ट सुरू झाली की ते हातातला पेला खाली ठेवत आणि विचारत, "साक्षीदार कोण?"

टिपणीसांच्या सत्तरीला कस्तुरीने लिफाफा दिला. प्लिमथहून निघणारी मासेमारीची बोट, चार दिवस, इंग्लिश खाडीच्या मध्यावर बुडालेल्या जुन्या जहाजांच्या सांगाड्यांवर.

"बाबा, रात्री पण बोटीवरच राहायचं. प्रॉपर स्किपर आहे. तुम्ही मला शिकवायचं. आय हॅव वेटेड थर्टी इयर्स फॉर धिस."

टिपणीसांनी लिफाफ्याकडे पाहिले आणि आपल्याला गुडघेदुखी असल्याचे सांगितले. कस्तुरी फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे ते कारण तिथेच तपासले गेले आणि फेटाळले गेले. बोटीत तीन जागा होत्या. तिसरी चौबळांनी स्वतःहून मागून घेतली.

"मी गळ धरणार नाही," ते म्हणाले. "मी साक्षीदार म्हणून येतोय."

*

निघण्याच्या आदल्या दिवशी नीनाताई टिपणीसांनी घरात सत्यनारायण घातला. नवऱ्याला पोहता येत नाही ही गोष्ट त्यांना ठाऊक होती, रावस विकतचा होता ही मात्र नव्हती. पूजेनंतर त्यांनी मोठा स्टीलचा डबा प्रसादाच्या शिऱ्याने भरला आणि कापडात बांधून दिला.

"अहो, बोटीवर सगळ्यांना द्यायचा. त्या स्किपरलासुद्धा. टाकायचा नाही, उरवायचा नाही. कथेत काय होतं माहिताय ना?"

टिपणीसांना माहीत होते. प्रसाद न घेता धावलेल्या बाईच्या नवऱ्याची नाव किनाऱ्याशीच बुडते. बोटीने प्रवासाला निघालेल्या माणसाला ही कथा ऐकवणे कितपत योग्य, हा विचार त्यांच्या मनात आला. पण कथेवर शंका घेण्याचा परिणामही कथेतच दिलेला असल्यामुळे त्यांनी तो पुढे नेला नाही.

प्लिमथच्या धक्क्यावर 'लेडी विनिफ्रेड' उभी होती. तिचे स्किपर केन पेनरोज हे साठीचे, टक्कल असलेले, कॉर्नवॉलकडचे गृहस्थ. त्या प्रांतात अनोळखी पुरुषालाही 'माय लव्हर' म्हणण्याची रीत आहे. टिपणीसांना हे माहीत नव्हते, म्हणून पहिल्या नमस्काराला ते एक पाऊल मागे सरकले. मग केनने कमरेवर हात ठेवून, सुरक्षा-जॅकेटांविषयी विचारावे तितक्या गंभीरपणे विचारले, "बोटीवर कोणाकडे केळे आहे का?"

कस्तुरी हसली. केन हसला नाही. व्हीलहाउसच्या, म्हणजे सुकाणूच्या खोलीच्या, दारावर एक पाटी होती, तिच्यावर केळ्याचे चित्र आणि त्यावर लाल काट. बोटीवर केळे असले की मासा गळाला लागत नाही, ही तिकडच्या मासेमाऱ्यांची ठाम समजूत आहे. एकतीस वर्षांत केनने हा नियम एकदाही मोडू दिला नव्हता. एकदा तर एका पाहुण्याचा केळ्याच्या वासाचा साबण त्याने बंदरातल्या कचराकुंडीत टाकला होता.

आता प्रसादाच्या शिऱ्यात केळे असते. केळ्यावाचून तो नुसता शिरा होतो. टिपणीसांनी बगलेतला डबा थोडा वर घेतला आणि आयुष्यभर नळीवरचे नाव तपासलेल्या माणसाला साजेशा काटेकोरपणे विचार केला. केळे हे फळ आहे. डब्यात फळ नाही. डब्यात रवा, तूप, साखर, दूध आणि पूर्वी केळे असलेला एक पदार्थ आहे.

"नाही," ते म्हणाले. "सेमोलिना."

मागून चौबळ मराठीत पुटपुटले, "ज्ञाना, कथेतल्या वाण्यालाही विचारलं होतं, नावेत काय आहे. तोही काहीतरी पाला असल्याचं बोलला होता."

"गप रे अवध्या."

"गपच आहे. साक्षीदार बोलत नसतो, बघतो."

*

पहिल्या दिवशी एक अनर्थ घडला, तो असा की टिपणीसांचा प्रभाव पडला. केनने आमिषासाठी बर्फातले बांगडे काढले. टिपणीस सवयीने पुढे झाले. त्यांनी एकेकाचा कल्ला उचलला, डोळा पाहिला, पोटावर बोट दाबून खळगा भरून येतो की नाही ते पाहिले, आणि दोन बांगडे वेगळे काढून म्हणाले, "हे परवाचे. बाकी कालचे." केनने पुरवठादाराची चिठ्ठी पाहिली. ते खरे होते. मेलेल्या माशाविषयी टिपणीसांना जे ठाऊक नव्हते ते जाणण्यासारखे नव्हतेच. नॉटिंगहॅमच्या बाजारातला मासेवाला ते दिसले की पुढचे ताट मागे घेई. पण मेलेला मासा ओळखणे आणि जिवंत मासा धरणे यांचा परस्परांशी संबंध नाही, हे केनच्या लक्षात आले नाही.

"तुमच्या वडिलांना माहिती आहे," तो कस्तुरीला आदराने म्हणाला.

"लहानपणी बिग फिश पकडला आहे त्यांनी," कस्तुरी म्हणाली. "हाताएवढा."

त्यानंतर केनने टिपणीसांना काहीही शिकवले नाही. टिपणीसांनी रॉड हाती घेतला तो उलटा. रीळ वर हवे होते ते खाली लोंबू लागले. केनने पाहिले आणि हिंदुस्थानात तशी पद्धत असावी असे समजून मान वळवली. कस्तुरीने वडिलांकडे पाहून आपलाही रॉड उलटा केला. आमिष तळाशी टेकले की थोडे वर घ्यायचे असते, ते टिपणीसांनी तळाशीच पडू दिले. कस्तुरीनेही पडू दिले. दर अर्ध्या तासाने ती विचारी, "आता काय, बाबा?" आणि टिपणीस क्षितिजाकडे पाहत म्हणत, "आता धीर."

धीर दोन दिवस चालला. आजूबाजूच्या बोटींनी रेडिओवर आपले मासे सांगितले. एका बोटीवर तर नऊ वर्षांच्या मुलाचा वाढदिवस होता आणि त्याने एकट्याने चार पोलॅक मासे ओढले होते. 'लेडी विनिफ्रेड'वर एक तारामासा आला, तोही दोर ओढताना चुकून.

"साक्षीदार म्हणून विचारतो," चौबळ बिस्किट चहात बुडवत म्हणाले, "रेवदंड्याला किती दिवस लागले होते?"

"भरतीवर अवलंबून असतं."

"इथे भरती चार वेळा येऊन गेली."

दुसऱ्या दिवशी दुपारी केनने बोटीची झडती सुरू केली. मासा न लागण्याचे दुसरे कारण त्याला संभवनीयच वाटत नव्हते. त्याने उशा झटकल्या, चौबळांच्या औषधाच्या डब्या उघडल्या, आणि शेवटी टिपणीसांच्या बिछान्याखालून कापडात बांधलेला डबा काढला. झाकण उघडताच केशर, वेलची आणि एकतीस वर्षे ज्याला तो टाळत आला होता तो वास व्हीलहाउसभर पसरला.

"हे काय आहे?"

टिपणीसांनी मान खाली घातली. कोणी नीट पाहिले असते तर त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव दिसला असता. त्यांना गुन्हा मिळाला होता, आणि तो खऱ्या गुन्ह्यापेक्षा पुष्कळ लहान होता. मासा न लागण्याचे कारण आता टिपणीस नव्हते, केळे होते.

"केळं आहे त्यात," ते इंग्रजीत म्हणाले, "माझीच चूक. सगळी माझीच."

"बाबा!" कस्तुरी म्हणाली. "म्हणून मासा येत नव्हता! मला वाटत होतं मीच रॉंग करते."

हे शेवटचे वाक्य टिपणीसांच्या सुटकेत काट्यासारखे रुतले, पण त्यांनी ते तिथेच राहू दिले.

केनने डबा कठड्याबाहेर धरला. टिपणीस आणि चौबळ, दोघेही एकदम, चौबळ तर चहाचा कप सांडून, धावले. प्रसाद समुद्रात टाकता येणार नाही हे त्यांनी सांगितले. का, हे चौबळांनी सांगितले. कौन्सिलमध्ये कलम वाचून दाखवावे तशी त्यांनी कथा सांगितली: प्रसाद नाकारला, नाव बुडाली.

केनने डबा आत घेतला. "बुडाली? की नुसतं पाणी भरलं?"

"समूळ बुडाली. माणसासकट."

केन कठड्याला टेकून विचारात पडला. त्याच्यापुढे दोन नियम उभे होते आणि दोन्ही समुद्राचे होते. एकात मासा जात होता, दुसऱ्यात बोट जात होती. खलाशी माणसाने अशा वेळी काय करावे याविषयी फारसा संशय नसतो. त्याने टोपी काढली आणि विचारले, "किती खावा लागतो?"

"थोडासा. तळहातावर."

त्याने तळहातावर घेतला. मग पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा घेताना त्याने चमचा मागितला. संध्याकाळपर्यंत चौघांनी डबा रिकामा केला आणि टिपणीसांनी तो समुद्राच्या पाण्याने धुतला.

मासा तरीही लागला नाही.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी केन गंभीर चेहऱ्याने बाहेर आला. त्याला उमगले होते की केळे अजून बोटीवरच आहे. ते डब्यातून निघून चौघांच्या पोटात गेले, म्हणजे त्याची जागा बदलली एवढेच.

चौबळांना हा मुद्दा आवडला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी तपासला आणि केनचे म्हणणे ग्राह्य धरले. पण त्यावर उपाय सुचवण्याआधीच नैऋत्येकडून वारा उठला, लाटा लांब आणि गोल झाल्या, आणि नांगरलेली बोट झोपाळ्यासारखी हलू लागली. सर्वांत आधी चौबळ कठड्याकडे गेले. मग टिपणीस. मग कस्तुरी, जी दर रविवारी पोहते.

"अवध्या," टिपणीस कठड्यावर ओणवे असताना कण्हले, "प्रसाद गेला रे. नीना विचारेल."

"ग्रहण केला की झालं," चौबळ शेजारूनच म्हणाले. "पुढची जबाबदारी भक्तावर नसते."

साडेदहाच्या सुमारास तिघेही मोकळे झाले होते. केन उभा होता तसाच उभा होता. त्याला एकतीस वर्षांत बोट लागलेली नव्हती आणि आज लागण्याची चिन्हे नव्हती. त्याने आपल्या पोटावर हात ठेवला आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. बोटीवर आता केळे एकच उरले होते, आणि ते स्किपर होते. तेही तीन तळहात.

पुढे जे झाले ते केनच्याच आग्रहाने झाले. बोटीमागे एक रबरी होडी वीस हात दोराने बांधलेली होती. तो तिच्यात जाऊन बसणार होता. अडचण एवढीच की पाहुण्यांना बोटीवर सोडून स्किपरने खाली उतरणे नियमाला धरून नव्हते. इथे चौबळांचे तीस वर्षांचे ज्ञान कामी आले. बागेतली शेड घराचा भाग धरायची की नाही, यावर त्यांनी लीड्समध्ये शेकडो निर्णय दिले होते.

"विम्यासाठी होडी बोटीचाच भाग आहे," ते म्हणाले. "केळ्यासाठी नाही."

"हे लेखी द्याल?"

चौबळांनी चहाच्या खोक्याच्या मागच्या बाजूवर लिहून, खाली सही करून दिले. केनने तो पुठ्ठा छातीशी ठेवला, थर्मास घेतला, आणि होडीत उतरून लाटांवर वरखाली होऊ लागला. तिथून तो ओरडून सूचना देऊ शकत होता आणि गरज पडली तर दोर ओढून परत येऊ शकत होता. टिपणीस आणि कस्तुरी यांनी गळ पुन्हा सोडले. दोन्ही रॉड उलटे होते.

अकरा वाजून गेल्यावर टिपणीसांच्या रॉडचे टोक एकदा वाकले, सरळ झाले, आणि मग पाण्यापर्यंत वाकले.

"लागला!" चौबळ उठून उभे राहिले. हातातले बिस्किट त्यांनी खाली ठेवले.

खाली काहीतरी होते, आणि ते टिपणीसांहून जड होते. होडीतून केन दोन्ही हात वर करून ओरडत होता. वर घ्या, लगेच वर घ्या, नाहीतर तो सांगाड्याला शेपूट गुंडाळून बसेल! टिपणीसांना वर कसे घ्यायचे ते माहीत नव्हते. त्यांनी रीळ फिरवायचा प्रयत्न केला, ते उलटे होते. हात घसरला, कोपर कठड्यावर आदळले. कस्तुरी आपला रॉड टाकून धावली आणि तीन पावलांवर, आदराने, थांबली.

"केन, डोन्ट!" ती होडीकडे ओरडली. "त्यांना येतं! ही नोज!" आणि मग वडिलांना, डोळे चमकत, "बाबा, रावसाला कसं केलं तसं करा! पाय रोवा!"

टिपणीसांनी पाय रोवले. ते त्यांच्याच गोष्टीतले होते. गोष्टीत पुढे गळ घट्ट धरायचा होता. तो त्यांनी धरला. त्यापुढे गोष्टीत काही नव्हते. रॉड कठड्यावर करकरला. तीन पावलांवर मदतीचे दोन मजबूत हात उभे होते, आणि त्या हातांना जवळ येऊ न देणारी गोष्ट साठ वर्षे त्यांनी स्वतःच पोसली होती.

"कस्तुरी," ते म्हणाले, "मला येत नाही."

"काय येत नाही?"

"हे. यातलं काहीच. तो रावस मी पकडला नव्हता. आप्पांनी विकत घेतला होता. मी नुसती पिशवी धरली होती."

कस्तुरीच्या चेहऱ्यावर काय आले ते टिपणीसांना दिसले नाही, कारण त्यांना समोर पाहणे भाग होते. चौबळांना दिसले, आणि त्यांनी ते आजवर कोणाला सांगितलेले नाही. एक लाट बोटीखालून गेली. मग तिने होडीकडे तोंड केले.

"केन! टेल मी व्हॉट टू डू!"

"पहिली गोष्ट," वाऱ्यावरून आवाज आला, "रॉड सुलटा करा! तीन दिवस उलटा आहे!"

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तुमच्यात तसंच धरतात!"

तिने वडिलांच्या मागे उभे राहून त्यांच्या कमरेभोवती दोन्ही हात घातले आणि रॉड फिरवला. केन ओरडे, ती मराठीत सांगे, टिपणीस करीत. उचला. आता खाली नेताना फिरवा. पुन्हा उचला. नाही बाबा, पाठीने नाही, पायाने, पाठ जाईल तुमची. चौबळ मोजत होते, काय मोजत होते ते त्यांनाही ठाऊक नव्हते. पाव तासाने पाण्याखाली काहीतरी करडे, सापासारखे लांब, माणसाच्या मांडीएवढे जाड वळले आणि वर आले. ते आले ते बोटीपाशी नाही, होडीपाशी, थेट केनच्या गुडघ्यांसमोर.

"ही तर वाम!" टिपणीस ओरडले. "वाम आहे वाम!"

तिकडच्या रीतीप्रमाणे एवढी वाम बोटीवर घेत नाहीत. पाण्यातच गळ काढून सोडून देतात. केनने तिचे डोके होडीच्या काठाशी धरले. त्याचे टक्कल आणि तिचे टक्कल एकाच उंचीवर आले. टिपणीस कठड्यावरून इतके वाकले की कस्तुरीला त्यांचा पट्टा धरावा लागला. त्यांनी तिचा डोळा पाहिला. तो काळा, ओला, भरलेला होता, आणि त्यांच्याकडेच बघत होता.

"ताजी आहे," ते म्हणाले.

केनने गळ काढला. वाम गेली. चौबळांनी घाईने काढलेल्या छायाचित्रात केनच्या डोक्याचा मागचा भाग आणि एक शेपटी आहे. ती कशाचीही असू शकते.

*

परतीच्या दिवशी कस्तुरी व्हीलहाउसमध्ये केनशेजारी उभी राहिली. ती वडिलांशी बोलली नाही असे नाही. चहा हवा का, जॅकेटची चेन लावा, एवढे बोलली. टिपणीस मागे बसून रिकामा डबा मांडीवर घेऊन होते. प्लिमथचा धक्का दिसू लागला तेव्हा ती येऊन शेजारी बसली.

"शनिवारी, पूलवर," ती म्हणाली, "तुम्ही कोट घालून बसायचे. मला वाटायचं, तुम्हाला एवढं येतं की पाण्यात यायची गरज नाही."

"मला भीती वाटायची."

"हं." ती धक्क्याकडे वळली. "मग तो पकडला कोणी होता?"

"काय?"

"रावस. कोणीतरी पकडला असेल ना."

टिपणीसांनी आठवून पाहिले. किनाऱ्यावरची टोपली आठवली, वडिलांचा हात आठवला. टोपलीमागचा माणूस आठवेना. होता की बाई होती तेही आठवेना. साठ वर्षांत हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता, कारण त्या जागेवर ते स्वतः उभे होते.

"थेरोंड्याचा असेल कोणी," ते शेवटी म्हणाले. "तिकडच्या होड्या यायच्या."

"नाव?"

"मासा घेताना नाव कोण विचारतं, बाळा."

"विचारायला पाहिजे होतं," कस्तुरी म्हणाली, आणि डबा त्यांच्या मांडीवरून उचलून आपल्या पिशवीत ठेवला.

दिवाळीला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, एका शाळेच्या सभागृहात, नेहमीप्रमाणे रावसाची फर्माइश झाली. टिपणीस उठणार तोच कस्तुरी उठली आणि गोष्ट तिने सांगितली. थेरोंड्याच्या एका माणसाने, ज्याचे नाव आम्हाला माहीत नाही, एक रावस पकडला. माझ्या वडिलांनी तो पिशवीतून घरी आणला, आणि मग पुष्कळ वर्षे तो खाली ठेवला नाही.  लगेच आवाज आला तो चौबळांचा, जे खास लीड्सहून आले होते.

"हरकत आहे," ते उभे राहून म्हणाले. "मी साक्षीदार आहे. ज्या माणसाने सत्तराव्या वर्षी तेवढी वाम वर काढली, त्याने बाराव्या वर्षी एक रावस पकडला नसेल हे मला मान्य नाही."

"अरे, मी स्वतः सांगतोय, नाही पकडला!"

"बोटीवर कबूल केलंस तेव्हा तू दमला होतास. दमलेल्या माणसाचा जबाब धरत नाहीत."

"तीस वर्षं तूच म्हणत होतास ना, खोटं आहे म्हणून?"

"तेव्हा पुरावा नव्हता."

सभेचा कौल चौबळांच्या बाजूने गेला. टिपणीस घरोघर आपण खोटे बोललो होतो हे पटवत हिंडले आणि विनयशील माणूस म्हणून त्यांचा लौकिक वाढला. त्यांचे खरे मानणारी व्यक्ती आता एकच उरली आहे, आणि ती दर शनिवारी सकाळी त्यांना तरणतलावावर नेते. ते अजून उथळ भागातच असतात. कोट बाकावर असतो.

तिथून घरी जाताना दोघे बाजारात थांबतात. मासेवाल्याने ताट मागे घेण्याआधीच टिपणीस विचारतात, "हा कोणी पकडला?"

"बोटीने," मासेवाला सांगतो.

"बोटीवर कोण होतं?"

मासेवाल्याला माहीत नसते. टिपणीस थोडे थांबतात, मग कल्ला उचलतात. पिशवी कस्तुरी धरते.